एका हेडमास्तरांचा ज्युदो

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. ज्या शिरोड्यात वि. स. खांडेकरांनी १९२० पासून १९३८ पर्यंत मुलांना शिकवले, तिथल्या स्मरणिकेत बँकेत आकडेमोड करून निवृत्त झालेल्या माणसाने काय लिहावे? पण नंतर वाटले, एक विषय आहे. तो आपल्या गावापासून फार लांबचा आहे. तरी माझ्यापुरता तो वेळागरच्या वाळूतच सुरू झाला. विषय आहे ज्युदो. आपल्यातल्या बहुतेकांना मी हा खेळ वीसएक वर्षे खेळलो हे ठाऊकही नसेल.

१९७८ साल. आपण आठवीत होतो. गणपतीला मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या मुलांनी ‘एंटर द ड्रॅगन’ पाहिलेला होता आणि त्याची गोष्ट ती हातवारे करून सांगत होती. त्या आठवड्यात गावातली सगळी पोरे ‘हू हा’ करत फिरत होती. कराटे काय, ज्युदो काय, कुंग फू काय, आमच्या लेखी सगळे एकच. जपान आणि चीन हे दोन देश आहेत एवढेच भूगोलाच्या बाईंमुळे माहीत होते. विसर्जनानंतर एका संध्याकाळी आम्ही पाच-सहा जण वेळागरला गेलो. माझ्याच बाकावर बसणारा एक मित्र माझ्यासमोर उभा राहिला. तो अंगाने माझ्यापेक्षा बारीक. मी त्याचा सदरा धरला, पाय आडवा घातला आणि त्याला फेकून दिले. फेकताना हात सोडला. तो पुढे केलेल्या तळव्यावर पडला आणि कोपरातून कट्ट असा आवाज आला.

तो हात उजवा होता. आपल्या वर्गात सगळ्यात सुरेख चित्रे तोच काढायचा. त्या वर्षी एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेला तो बसणार होता, बसला नाही. हाड जुळले, पण कोपर पुढे कधी पूर्ण सरळ झाले नाही. घरी आणि शाळेत विचारले तेव्हा त्याने सगळ्यांना एकच सांगितले, “कोणी पाडूक नाय, मीच पडलंय.” मी शेजारी उभा होतो. मी गप्प राहिलो.

ही गोष्ट इथे थांबवतो. शेवटी तिच्याकडे परत येईन.

नोकरीच्या निमित्ताने मी मुंबईला गेलो. १९८९ साली बँकेतला एक सहकारी मला दादरच्या एका हॉलमध्ये ज्युदोच्या वर्गाला घेऊन गेला. मला वाटले होते, पहिल्या दिवशी एखादा डाव शिकवतील. पहिले दोन महिने सरांनी फक्त पडायला शिकवले. मागे पडायचे, बाजूला पडायचे, पुढे कोलांटी घेऊन पडायचे. पडताना हनुवटी छातीला लावायची म्हणजे डोके आपटत नाही. संपूर्ण हाताने गादीवर थाप मारायची म्हणजे धक्का एका जागी न बसता पसरतो. आणि तळवा पुढे करून कधीही पडायचे नाही. या पडण्याच्या विद्येला जपानीत ‘उकेमी’ म्हणतात. तिसऱ्या महिन्यात पहिला डाव शिकवला, तेव्हा सर म्हणाले, “फेकणाऱ्याने बाही सोडायची नाही. बाही वर ओढून धरायची, म्हणजे समोरचा पाठीवर नीट पडतो. त्याला काही झाले तर चूक तुमची.”

त्या रात्री लोकलमध्ये मला वेळागरची वाळू आठवली. मी फेकताना हात सोडला होता. तेव्हापासून हा नियम कुणी केला, कशासाठी केला, याचा मी शोध घेत राहिलो. पुस्तके मिळतील तशी वाचली. त्यातून कळले की हा खेळ कुठल्या पर्वतावरच्या साधूने शोधलेला नाही की कुठल्या सेनापतीने घडवलेला नाही. तो एका शाळामास्तराने घडवला.

त्यांचे नाव जिगोरो कानो. जन्म १८६० चा, कोबे शहराजवळच्या मिकागे गावातला. घराणे साके गाळणाऱ्यांचे, म्हणजे तांदळाची दारू बनवणाऱ्यांचे. लहानपणीच आई गेली आणि वडिलांनी मुलाला तोक्योला नेले. तिथल्या वसतिगृहात इंग्रजी, हिशेब, चिनी अभिजात ग्रंथ यांत हा मुलगा हुशार. पण अंगाने बारका. मोठा झाल्यावरही उंची पाच फूट दोन इंचांच्या आसपासच. दांडगी पोरे त्याला रोज बडवायची. दुबळ्याला बळकटावर मात करता येते अशी ‘जुजुत्सु’ नावाची विद्या आहे असे त्याने ऐकले होते. ती शिकायचीच असे त्याने ठरवले.

पण शिकवणार कोण? १८६८ च्या मेजी क्रांतीनंतर जपानने युरोपकडे तोंड केले होते. १८७६ साली सामुराईंना कमरेला तलवार बाळगायचीही बंदी झाली. हातातले शस्त्र गेल्यावर रणांगणात काय करायचे याची ही विद्या. तिला आता गिऱ्हाईक उरले नाही. कितीतरी उस्ताद हाडे बसवून पोट भरत होते. कानो विद्यापीठात दाखल झाले तेव्हा, म्हणजे १८७७ साली, त्यांना पहिले गुरू मिळाले ते असेच एक हाडवैद्य, फुकुदा हाचिनोसुके. हे वाचले तेव्हा मला हसू आले आणि वाईटही वाटले. माझ्या मित्राचा हातही हाडवैद्यानेच बसवला होता. मोडणे आणि जोडणे या दोन्ही विद्या जपानात एकाच माणसाच्या घरी नांदत होत्या.

फुकुदांच्या आखाड्यात एक धिप्पाड विद्यार्थी कानोंना काही केल्या हलेना. कानोंनी सुमोचे डाव करून पाहिले, जमेना. मग ते ग्रंथालयात गेले आणि पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तके चाळली. त्यात समोरच्याला खांद्यांवर आडवा उचलून टाकण्याचा डाव सापडला. त्याचा सराव केला आणि त्या धिप्पाडाला चीत केला. या डावाचे नाव पुढे ‘काता गुरुमा’, म्हणजे खांद्यावरचे चाक, असे पडले. आपल्या मास्तरांना ही गोष्ट आवडेल, कारण अडलेला विद्यार्थी इथे देवळात नवस बोलायला न जाता पुस्तकांच्या कपाटाकडे गेला.

दोन वर्षांत फुकुदा वारले. दुसऱ्या गुरूंपाशी जेमतेम दोन वर्षे झाली आणि तेही गेले. तिसरे गुरू इइकुबो त्सुनेतोशी, वेगळ्या घराण्याचे. पन्नाशीच्या आसपास पोहोचलेले इइकुबो फेकण्यात इतके तरबेज, की कानोंना त्यांच्यावर कधी डाव लागत नसे. एके दिवशी मात्र कानो त्यांना एकामागून एक फेकत गेले आणि इइकुबोंचा एकही डाव लागेना. त्यांनी विचारले, हे काय झाले? कानोंनी सांगितले की समोरच्याला फेकण्याआधी त्याचा तोल ढळवायचा असतो हे माझ्या लक्षात आले आहे. तोल ढळला की फेकायला ताकद लागत नाही. गुरू म्हणाले, आता तुला शिकवण्यासारखे माझ्याकडे काही उरले नाही. आणि त्यांनी आपल्या घराण्याच्या पोथ्या शिष्याच्या स्वाधीन केल्या. शिष्याकडून हरल्याचा आनंद मानणारे गुरू आपणही शाळेत पाहिले आहेत.

१८८२ साली, वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षी, कानोंनी तोक्योतल्या एइशोजी नावाच्या बौद्ध मंदिरात बारा चटयांच्या जागेत आपला वर्ग सुरू केला. विद्यार्थी नऊ. नाव ठेवले ‘कोदोकान’, म्हणजे मार्ग शिकण्याची जागा. आणि विद्येचे नाव बदलले. ‘जुजुत्सु’मधला ‘जुत्सु’ म्हणजे कसब. त्याऐवजी त्यांनी ‘दो’ घेतला, म्हणजे मार्ग. कसब माणसाला लढायला शिकवते. मार्गावर माणूस जन्मभर चालतो, असा त्यांचा विचार.

‘जु’ म्हणजे मऊपणा, लवचीकपणा. कानो ज्या पहिल्या घराण्यात शिकले त्याच्या नावातच विलो नावाच्या झाडाचा उल्लेख येतो. दंतकथा अशी, की एका वैद्याने हिवाळ्यात पाहिले, ताठ झाडांच्या फांद्या बर्फाच्या भाराने मोडत होत्या आणि विलोची फांदी मात्र वाकून बर्फ खाली सांडत होती व पुन्हा वर येत होती. आपल्याकडे बर्फ नाही, पण पावसाळी वाऱ्यात वाकणारा माड आपण सगळ्यांनी पाहिला आहे.

कानो हाच विचार हिशेबाने सांगत. समजा, समोरच्याचे बळ १० आणि माझे ७. त्याने ढकलले आणि मी सगळ्या ताकदीने विरोध केला, तर मी हरणारच. पण मी विरोध न करता तो ढकलेल तेवढा मागे सरलो आणि माझा तोल सांभाळला, तर तो पुढे झुकेल आणि त्याचा तोल जाईल. त्या क्षणी त्याचे बळ समजा ३ उरले. माझे मात्र ७ कायम आहेत. आता अर्धी ताकद वापरूनही मी त्याला पाडू शकतो. बँकेतल्या माणसाला हा हिशेब लगेच पटला.

पण कानोंना स्वतःलाच तो पुरेसा वाटेना. मागून कुणी घट्ट मिठी मारली तर सरायचे कुठे? म्हणजे मऊपणा हे सगळ्या प्रश्नांचे उत्तर नव्हे. वर्षानुवर्षे विचार करून त्यांनी दोन सूत्रे मांडली. पहिले ‘सेइर्योकु झेन्यो’, म्हणजे मनाची आणि शरीराची शक्ती सगळ्यात चांगल्या रीतीने वापरणे. दुसरे ‘जिता क्योएई’, म्हणजे आपण आणि दुसरा दोघांचीही भरभराट. ज्युदोचे खरे तत्त्वज्ञान या दोन ओळींत आहे. दुसरी ओळ अनेकांना सुविचाराच्या फळ्यावर लिहिण्यापुरती वाटते. गादीवर उतरल्यावर तिचा अर्थ कळतो. माझा जोडीदार मला आपले अंग फेकायला देतो म्हणून मला डाव शिकता येतो. तो जखमी झाला तर उद्या माझाही सराव बंद. म्हणून सुरुवातीला आणि शेवटी एकमेकांना वाकून नमस्कार, म्हणून धोक्याचे वार आणि सांधे मोडणारे डाव मोकळ्या लढतीतून बाजूला काढलेले, म्हणून आधी उकेमी आणि म्हणून बाही सोडायची नाही.

हे सगळे एका शिक्षकालाच सुचू शकते. आखाड्यातला उस्ताद जिंकणाऱ्याकडे बघतो. मास्तरांना पडणाऱ्या मुलाचाही विचार करावा लागतो, कारण दुसऱ्या दिवशी त्याची हजेरी घ्यायची असते. कानो आयुष्यभर शिक्षकच राहिले. कुमामोतोच्या शाळेचे ते मुख्याध्यापक होते. पुढे तोक्योच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्रमुखपद त्यांनी १८९३ पासून १९२० पर्यंत, मधले खंड वगळता, सांभाळले. चिनी विद्यार्थ्यांसाठी त्यांनी काढलेल्या शाळेत पुढे मोठा लेखक झालेला लू शुन शिकला. १९०९ साली ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे आशियातले पहिले सभासद झाले. मुलींनाही त्यांनी ज्युदो शिकवला. आपले पहिले गुरू फुकुदा यांची नात केइको हिला त्यांनी स्वतः बोलावून घेतले. ती पुढे अमेरिकेत गेली, जन्मभर शिकवत राहिली आणि २०११ साली, वयाच्या ९८ व्या वर्षी, तिला तिथल्या संघटनेने दहावा ‘दान’ दिला. गुरूचे ऋण असेही फेडता येते.

भारतात ही विद्या आणली ती रवींद्रनाथांनी. १९०५ साली सानो जिन्नोसुके आणि १९२९ साली ताकागाकी शिंझो हे जपानी शिक्षक शांतिनिकेतनात मुलांना ज्युदो शिकवत होते. १९३० साली आपल्या शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रही जमले. मार खाऊनही हात न उचलणारी ती माणसे आणि ज्युदो यांची मी तुलना करणार नाही. सत्याग्रही सरत नाही, आणि समोरच्याला पाडतही नाही. पण बळ म्हणजे काय, हा प्रश्न त्या काळात शांतिनिकेतनातही विचारला जात होता आणि आपल्या मिठागरांतही, एवढे खरे.

४ मे १९३८ रोजी कैरोच्या ऑलिंपिक बैठकीहून परतताना ‘हिकावा मारू’ या बोटीवर कानोंचा मृत्यू झाला. त्याच १९३८ मध्ये खांडेकर शिरोडे सोडून कोल्हापूरला गेले. दोघांचा संबंध काही नाही. पण दोन मास्तरांची ही दोन निरोपाची वर्षे मला नेहमी जोडीने आठवतात.

कानोंनंतरचा इतिहास सुखाचा नाही. युद्धाच्या काळात शाळांतला ज्युदो सैनिकी तयारीला जुंपला गेला. ‘दोघांची भरभराट’ मागे पडली. पराभवानंतर दोस्त राष्ट्रांच्या अमलात शाळांमधून ज्युदोवर बंदी आली. ती १९५० मध्ये उठली. याच बंदीमुळे शोहाची इशी नावाचा एक तरुण ज्युदो सोडून कुस्तीकडे वळला. आता गोष्ट आपल्या घराजवळ येते.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये बँटमवेट गटाचे सुवर्णपदक याच इशीने जिंकले. त्या गटात कांस्यपदक मिळवले ते कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. लाल मातीतला हा मल्ल गादीवर त्या जुन्या ज्युदोपटूशी लढला आणि हरला. त्यानंतर विश्रांती न देताच त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढायला उभे केले आणि हरकत घ्यायला एकही भारतीय अधिकारी तिथे नव्हता, असे सांगतात. पण खाशाबा हेलसिंकीपर्यंत पोहोचले कसे? पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्या लढवून ते पैसे फेडले.

मित्रमैत्रिणींनो, नाव ओळखीचे वाटले ना? वेंगुर्ल्याच्या ज्या कॉलेजात आपल्यापैकी निम्मेअधिक जण शिकले, त्याच्या पाटीवर हेच नाव आहे, बॅ. बाळासाहेब खर्डेकर महाविद्यालय. मीही तिथे शिकलो. एसटीने रोज जात होतो, पाटी रोज वाचत होतो. हे खर्डेकर कोण, असे एकदाही विचारले नाही. एका विद्यार्थ्याला रिंगणात उतरवून प्राचार्य बाजूला झाले नाहीत. घर पणाला लावून त्यांनी त्याची बाही धरून ठेवली.

एक शेवटचा प्रसंग. १९६४ साली तोक्योत ज्युदो पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला. खुल्या गटाच्या अंतिम लढतीत हॉलंडच्या अँटोन गेसिंकने जपानच्या अकिओ कामिनागाला त्याच्याच देशात, त्याच्याच माणसांसमोर जखडून हरवले. हॉलंडचे पाठीराखे आनंदाने गादीवर धावले. गेसिंकने हात वर करून त्यांना तिथेच थांबवले. हरलेला माणूस अजून समोर होता. त्याला नमस्कार व्हायचा होता. जपान्यांनी त्या दिवशी सोने गमावले. पण कानोंचा धडा एका परदेशी विद्यार्थ्याने नीट गिरवला होता.

आता माझ्या मित्राची गोष्ट. हा लेख लिहिण्याआधी मी त्याला फोन केला. एवढ्या वर्षांत आम्ही बाजारात, लग्नांत, जत्रेत कितीदा भेटलो, पण हा विषय कधी निघाला नाही. मी सांगितले, १९७८ साली तू पडला नव्हतास, मी तुला पाडले होते आणि मी कुणाला सांगितले नाही. पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग तो म्हणाला, “तुका अजून आठवता? मी तर इसारलंय.” तो विसरलेला नाही, हे त्याच्या आवाजावरून मला कळले. मी म्हणालो, स्मरणिकेत लिहितो आहे. तर म्हणाला, “लिही मेल्या, पण माझा नाव घालू नको.”

म्हणून नाव घातलेले नाही. पण तेव्हा जे वर्गात होते, त्यांना आता खरे काय घडले ते कळले आहे. तो आपोआप पडला नव्हता. आणि चौदाव्या वर्षी, मोडलेला हात गळ्यात बांधून, त्याने माझी बाही धरून ठेवली होती. ज्युदो शिकायला मला दादरला जावे लागले. त्याला कुणी शिकवले होते, ते मी स्नेहमेळाव्याच्या दिवशी त्यालाच विचारणार आहे.